नातीच्या डोळ्याचा भुकेला काठ

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईची घरात कोणाला फारशी गरज पडत नाही. पाल शिरली की मात्र सगळ्यांना माझी पदवी आठवायची. जबलपूरच्या एका मुलींच्या कॉलेजात मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. हिंदीतून शिकवलं, मराठीतून चिडले, आणि दोन्ही भाषांतल्या मुली मला सारख्याच घाबरल्या. वडील नागपूरहून बदलीवर इथे आले तेव्हा दोन्ही गावं एकाच प्रांतात होती. मग राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यात राहिलो ते राहिलोच.

बेडकाचं हृदय, गांडुळाचं पोट, झुरळाचं तोंड हे सगळं मी पगारासाठी शिकवलं. गर्भाची वाढ मात्र हौसेनं. उबवायला ठेवलेलं कोंबडीचं अंडं कोमट मिठाच्या पाण्यात हलकेच फोडलं की पिवळ्या बलकावर लाल धाग्यांची जाळी पसरलेली दिसते आणि मधोमध एक ठिपका धडधडत असतो. ते पाहताना वर्गातली सगळ्यात वात्रट मुलगीसुद्धा गप्प व्हायची. पण मला स्वतःला वेड लावलं ते मेंदूनं. अगदी सुरुवातीला मेंदूच्या आत रक्ताचा एक थेंबही नसतो. रक्तवाहिन्या बाहेर त्याच्याभोवती जाळं करून बसलेल्या असतात, आणि मग त्या आत शिरू लागतात. मी शिकत होते तेव्हा पुस्तकात एवढंच होतं की त्या शिरतात. कोणाच्या सांगण्यावरून शिरतात, आत गेल्यावर त्यांना वाट कशी सापडते, याबद्दल पुस्तक गप्प. मी सरांना विचारलं, तर ते म्हणाले, हे परीक्षेत येणार नाही.

उत्तर मिळालं ते पुष्कळ वर्षांनी, केस पिकायला लागल्यावर, शिक्षकांसाठीच्या एका उजळणी वर्गात. रक्तवाहिन्यांना बोलावतात त्या मेंदूतल्याच पेशी. नव्यानं जन्मलेल्या पेशी दाटीवाटीनं वाढत असतात, त्यांना प्राणवायू पुरेनासा होतो, आणि पुरेनासा झाला की त्या एक द्रव्य सोडतात. ते आजूबाजूला पसरतं. रक्तवाहिनीच्या टोकाला एक पुढारी पेशी असते, तिला बारीक बोटं फुटलेली असतात. त्या बोटांनी ती चाचपत राहते आणि जिकडे ते द्रव्य जास्त, तिकडे वळते. मागच्या पेशी तिच्या मागोमाग जात नळी बांधतात. रक्त पोचलं की भुकेल्यांचं भागतं, त्या द्रव्य सोडायचं कमी करतात, आणि रक्तवाहिनीही तिथे थांबते. वरून कोणी नकाशा दिलेला नाही, कोणी मुकादम उभा नाही. जिथे जितकी भूक, तिथे तितकं रक्त.

मला तेव्हा आमच्या वस्तीतल्या नळाची आठवण झाली होती. ज्या गल्लीतल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन नळखात्याच्या ऑफिसच्या दारात ठाण मांडून बसायच्या, त्याच गल्लीत पाइप आधी यायचा. गप्प बसलेली गल्ली कोरडी. मी वर्गात हे असंच सांगायचे आणि मुली हसायच्या. घरी येऊनही सांगायचे. मुलगा म्हणायचा, "आई, घर पे क्लास मत लो ना." मला भारी राग यायचा. एवढी सुंदर गोष्ट चालली आहे आणि ह्याचं लक्ष वरणात मीठ आहे की नाही याच्याकडे.

मग आमची नात झाली, आणि वेळेच्या फार आधी झाली. सातवा महिना नीट भरायच्या आतच सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. मुलगा रांझीच्या कारखान्यात ड्यूटीवर होता, तो तिथून मोटरसायकलनं थेट हॉस्पिटलात आला तेव्हा मुलगी जन्मलेली होती आणि काचेच्या पेटीत ठेवलेली होती. माझ्या पंजावर मावेल एवढी. कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या रेषा दिसायच्या. तिची फुप्फुसं तयार झालेली नव्हती, म्हणून ऑक्सिजन लावला होता. तो ऑक्सिजन नसता तर ही नात नसती, हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे झालं त्याचा दोष मी त्या हॉस्पिटलला कधी दिला नाही, आणि आमच्या घरात कोणी दिला तर त्याला मी बोलू दिलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, वर्धेकडच्या गावी करायचं ठरलं होतं. ते राहून गेलं, म्हणून माहेरच आमच्याकडे आलं. सुनेची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, दोन पोती सामान घेऊन स्टेशनावर उतरल्या. डिंक, अळीव, शेपा, ओवा, वावडिंग, जुन्या धोतरांचे मऊ तुकडे, आणि दूध पाजायचं चांदीचं बोंडलं. तोवर आमचं नातं लग्नातल्या मानपानापुरतं होतं. लग्नात माझ्या साडीचा रंग त्यांना आवडला नव्हता आणि त्यांच्या बुंदीचा पाक मला. आता त्या सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या, डबे उघडून पाहिले आणि म्हणाल्या, "चहाशिवाय काही खाता का नाही जी तुमी लोक?" दोन पिढ्यांच्या मुलींना दरडावलेली मी, पण त्यांच्यापुढे माझं काही चाललं नाही.

छोटी घरी आली ती महिना भरत आला तेव्हा. सगळे तिला छोटीच म्हणत होते, कारण बारसं व्हायचं होतं. विहीणबाईंनी खोलीचा ताबा घेतला. पाहुणे बंद. गरम पाण्यानं हात धुतल्याशिवाय बाळाला हात नाही. शिंक आली तर थेट अंगणात. आणि सव्वा महिना बाळ-बाळंतिणीनं उंबरठा ओलांडायचा नाही. हा सव्वा महिना विहीणबाई छोटी घरी आल्यापासून मोजणार होत्या, कारण हॉस्पिटलातले दिवस त्यांच्या लेखी हिशोबातच नव्हते. बाई कडक होत्या, पण खरं सांगते, चुकत नव्हत्या. इतक्या नाजूक जिवाला गर्दीपासून दूर ठेवा, असं डॉक्टरांनीही बजावलं होतं. गावाकडे त्यांनी जावांची, भाच्यांची कितीतरी बाळंतपणं काढली होती आणि त्यांच्या हातचं मूल कधी दगावलं नव्हतं, असं सून अभिमानानं सांगायची. मला त्यांचं कौतुक वाटायला लागलं होतं. साडीचं मी विसरत आले होते.

पण घरी सोडताना लहान मुलांच्या डॉक्टरांनी एक गोष्ट मुलाला पुन्हापुन्हा सांगितली होती. जबलपुरातच, गोरखपूर भागात, डोळ्यांच्या पडद्याचे एक डॉक्टर आहेत, ह्याच आठवड्यात त्यांना दाखवा, उशीर करू नका. मुलानं हे घरी सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, "नेऊ ना. सव्वा महिना झाला का नेऊ."

"तोवर थांबता येणार नाही," मी म्हणाले.

"काहून? डोळे तं चांगले काळेभोर आहेत पोरीचे. उघडते, मिटते. कायले उगीच वाऱ्यात नेता?"

मुलगा माझ्याकडे पाहायला लागला, मग त्यांच्याकडे, मग भिंतीकडे. सून रडायला लागली. माझा पारा चढला आणि मी वर्गात ओरडावं तशी ओरडले, "आणि आंधळी झाली तर?"

विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "असं अभद्र बोलू नये, विहीणबाई," आणि परात घेऊन भाकऱ्या करायला बसल्या.

मला जे माहीत होतं ते त्या घरात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. डोळ्याचा पडदा म्हणजे मेंदूचाच एक तुकडा आहे, आणि त्याच्यातही रक्तवाहिन्या तशाच, बोलावल्यावरच येतात. जी गोष्ट मी जन्मभर मिटक्या मारत सांगितली, ती आता माझ्या नातीच्या डोळ्यात अर्ध्यावर अडकली असण्याची शक्यता होती. छोटीला दिसणार की नाही, ते पुढच्या थोड्या दिवसांत ठरणार होतं. मला भीती वाटत होती. आणि ओरडून मी आजवर कोणाला काही शिकवू शकले नव्हते. म्हणून पाट ओढला आणि विहीणबाईंच्या समोर जाऊन बसले.

त्या ज्वारीची भाकरी थापत होत्या. गोळा परातीच्या मध्यावर, हाताखाली तो काठाकाठानं वाढत चाललेला. मी त्याच्या मधोमध बोट टेकवलं. त्यांना ते आवडलं नाही.

"हा डोळ्याचा पडदा समजा," मी म्हणाले. "रक्तवाहिन्या इथून, मधून निघतात आणि काठाकडे पसरत जातात. थेट काठाला पोचायला पुरे नऊ महिने लागतात. भाकरी अर्धीच थापलेली असताना आपली छोटी बाहेर आली."

"मंग आता थापली जाईल ना हळूहळू."

"त्या आपल्या आपण जात नाहीत. काठावरच्या पेशींना भूक लागते, त्या बोलावतात, तेव्हा जातात. आईच्या पोटात प्राणवायू बेताचाच असतो, म्हणून भूक लागते आणि बोलावणं चालू राहतं. पेटीत छोटीला ऑक्सिजन दिला. द्यावाच लागला. पण त्यानं त्या पेशींचं पोट भरलं आणि त्या गप्प झाल्या. त्या गप्प, तर रक्तवाहिन्या होत्या तिथेच थांबल्या."

विहीणबाईंचा हात थांबला होता. "अन् आता?"

"आता ऑक्सिजन काढला. पडदा तर वाढतोच आहे. काठाला कडकडून भूक लागली की सगळ्या पेशी एकदम आरडाओरडा करतात. मग रक्तवाहिन्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन वाट्टेल तशा वाढतात, पडदा सोडून वर उगवतात आणि त्यालाच ओढतात. पडदा सुटला की दिसणं संपलं."

त्यांनी परातीत थोडं पीठ भुरभुरलं. मग म्हणाल्या, "पोरगं रडलं का मायले पान्हा फुटते. तसंच ना जी?"

"अगदी तसंच."

"अन् पोरगं आधी पडून पडून राहिलं, मंग एकाएकी कळवळून रडलं, तं माय येडीपिशी होऊन काहीबी करते."

"तेच. तेच होतं."

"सगळ्याच पोराईचं होते हे?"

"नाही. पुष्कळांचं आपोआप नीट होतं. पण आत दिवा टाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. बाहेरून डोळा चांगलाच दिसतो."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि बोलणं संपलं. मला वाटलं, शिकवणं वाया गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटीला शेक देऊन झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या. चेहऱ्यावर परीक्षकाचा असतो तसा भाव.

"मले एक सांगा, विहीणबाई. पोरगी बाहेर आली, हे त्या डोळ्यातल्या पेशीईले कोणी सांगतलं का?"

मी जरा विचार केला. "नाही. त्यांचं काम आपल्या वेळापत्रकानं चाललेलं असतं."

"म्हणजे त्यायच्या हिशोबानं ते अजून पोटातच आहे."

"तसंच म्हणायचं. डॉक्टरसुद्धा अशा बाळांचं वय ठरलेल्या तारखेपासूनच धरतात."

"मंग झालं तं!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "पोरगी अजून जन्मलीच नाही. सव्वा महिना जन्मल्यावर लागते. जे जन्मलंच नाही, त्याले कायचा उंबरठा अन् कायचं काय!"

मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. "पण पोटातल्या पोराले पोटातच न्या लागंल."

हॉस्पिटलातल्या सिस्टरनं सुनेला बाळ उघड्या छातीशी कसं बांधायचं ते शिकवलं होतं. विहीणबाईंनी तसंच केलं. छोटीला आपल्या छातीवर बेडकासारखं पालथं ठेवलं, धोतराच्या मऊ तुकड्यानं बांधलं, वरून पदर, पदरावर शाल. पोट चांगलंच पुढे आलेलं दिसायला लागलं. सून यायला निघाली तर तिला दटावलं, "तू बाळंत झाली आहेस. तुले सव्वा महिना आहे. घरी राह्य." म्हणजे आई बाळंत झालेली आणि बाळ अजून जन्मायचं. मुलगा डोक्याला हात लावून म्हणाला, "आई, ये कैसे हो सकता है?" मी म्हणाले, "गप्प बस. रिक्षा आण." सून रडता रडता हसायला लागली. छोटी झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

घरातून निघताना विहीणबाई उंबरठ्यावर थांबल्या, पोटाला हात लावला आणि उजवा पाय हळूच बाहेर टाकला. माझीही दोन बाळंतपणं झाली होती, पण मी कधी इतक्या जपून पाऊल टाकलं नसेल. रिक्षावाल्याला त्यांनी आपल्या हिंदीत सांगितलं, "भैया, धीरे चलाव. पेट से हूँ." त्यानं आरशात त्यांचे पांढरे केस पाहिले, माझ्याकडे पाहिलं, मी गंभीरपणे मान डोलावली, आणि तो गोरखपूरपर्यंत असा गेला की एकाही खड्ड्यात चाक गेलं नाही.

डॉक्टर तरुण होते. डोक्याला दिवा बांधलेला, हातात भिंग. त्यांनी छोटीच्या डोळ्यांत थेंब टाकले, आणि बाहुल्या पसरल्यावर पापण्यांमध्ये एक बारीकसा तारेचा चाप बसवला. जन्मभर बेडूक कापलेली मी, पण मला ते पाहवेना. विहीणबाईंनी मात्र छोटीचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि तिच्या कानाशी काहीतरी गुणगुणत राहिल्या. हात जरासुद्धा हलला नाही. मी प्राणिशास्त्राची बाई आहे हे मुलानं सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मैडम, देखेंगी?" त्यांच्या दिव्याला बाजूनं एक छोटा आरसा होता, शिकणाऱ्यांसाठी. मी त्यात पाहिलं.

नारिंगी उजेडात फांद्या पसरल्या होत्या. इतक्या नाजूक, इतक्या नेमक्या, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जे मी जन्मभर खडूनं फळ्यावर काढलं ते किती बोजड होतं हे मला तेव्हा कळलं. एकेक फांदी कोणाच्या तरी हाकेला ओ देत इथवर आलेली होती. आणि मग एक फिकट रेघ. रेघेच्या पलीकडे एकही फांदी नाही, नुसतं राखाडी. तो कोरा काठ अजून वाट पाहत होता. मला त्या फांद्यांचं अपार कौतुक वाटत होतं आणि त्याच वेळी त्या रेघेची भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी आठवड्यानं पुन्हा बोलावलं. विहीणबाई पुन्हा पोट बांधून आल्या. या वेळी आरशात पाहायची गरज पडली नाही, डॉक्टरांचा चेहराच सांगत होता. रेघेचा उंचवटा झाला होता, मधल्या रक्तवाहिन्या फुगून नागमोडी झाल्या होत्या. काठावरच्या पेशींनी आरडाओरडा सुरू केला होता. डॉक्टर म्हणाले, "माताजी, कल ही लेज़र करना होगा. किनारे को जला देंगे, तो वहाँ से बुलावा जाना बंद हो जाएगा. बीच की नज़र बच जाएगी. किनारे की थोड़ी जाएगी."

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे जे भुकेनं रडून राहिले, त्यायचंच तोंड बंद करायचं?"

"हो."

"अन् त्यायचा काय गुन्हा?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि तिथेच, एका स्टुलावर बसून, मुलासमोर आणि डॉक्टरांसमोर मला रडू फुटलं. त्या पेशींनी खरंच काही चूक केली नव्हती. पोटात जे केलं असतं तेच त्या बाहेर करत होत्या, आणि त्यांच्याच भुकेनं डोळा जाणार होता. वर्गात मी भुकेचं इतकं गुणगान केलं होतं, पण भूक चुकीच्या वेळी वाढली तर काय होतं, हा धडा माझ्याकडे नव्हता. विहीणबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी लेझरच्या खोलीच्या दाराशी छोटीला सिस्टरच्या हातात द्यायच्या आधी त्यांनी तिच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर हात जोडले. क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. डॉक्टरांना वाटलं, आपल्यालाच नमस्कार केला. त्यांनीही चटकन हात जोडले. तो नमस्कार काठावरच्या पेशींना होता, हे मला माहीत होतं. त्या तरुण डॉक्टरांनाही तो चालून गेला असता. दाराच्या काचेतून मी पाहत होते, कितीतरी वेळ ते वाकून, घामानं भिजून, सुईच्या टोकाएवढे ठिपके एकेक करून ठेवत होते, मधे एकदाही पाणी प्यायला उठले नाहीत.

उंचवटा हळूहळू बसला, फुगलेल्या रक्तवाहिन्या सरळ झाल्या. डॉक्टर खूश झाले, पण त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. म्हणाले, "पर्दा बच गया. देखती कितना है, ये तो बच्ची ही बताएगी. दो-ढाई महीने रुकिए." मग त्यांनी पुढची तारीख लांबची दिली.

सुनेला बाळंतपणाची दिलेली मूळची तारीख उजाडली त्या दिवशी विहीणबाईंनी छोटीला न्हाऊ घातलं, नवं झबलं घातलं आणि गल्लीत साखर वाटली. शेजारणी गोंधळल्या. "अरे, बच्ची तो कब की हो गई ना?" विहीणबाई म्हणाल्या, "आज हुई." मग बाराव्या दिवशी बारसं केलं आणि त्यानंतर सव्वा महिना छोटीला खरोखरच उंबरठा ओलांडू दिला नाही. एक दिवस कमी करू दिला नाही कोणाला. मीही विरोध केला नाही. हिशोब दोघींचा जुळत होता.

सव्वा महिना संपला. विहीणबाईंचे यजमान गावी एकटेच भाकऱ्या करपवत होते आणि रोज फोन करून कधी येता विचारत होते. त्या काही हालत नव्हत्या. घरातला प्रत्येक जण चोरून छोटीची परीक्षा घेत होता. मुलगा खुळखुळा हलवायचा आणि छोटी वळली की आनंदानं ओरडायचा, "देखा! देख रही है!" मी त्याचा आनंद तिथल्या तिथे मोडायचे. "ती ऐकते आहे. पाहते आहे हे त्यातून कुठे कळतं?" सून टॉर्च लावायची, छोटी डोळे मिटायची. उजेड कळणं वेगळं आणि माणूस दिसणं वेगळं, हेही मीच सांगायचे. सून माझ्यावर चिडली होती, आणि तिचं बरोबर होतं. पण मला खोटा आनंद नको होता. मला खरा हवा होता, इतका हवा होता की मी स्वतः परीक्षा घ्यायची हिंमतच करत नव्हते.

एका दुपारी सून झोपली होती. छोटी पलंगावर उताणी पडली होती, जागी, दूध पिऊन तृप्त. विहीणबाई म्हणाल्या, "चला, विहीणबाई. तुमच्या पद्धतीनं पाहू. कशी घ्यायची परीक्षा?"

"आवाज नाही झाला पाहिजे," मी म्हणाले. "बोलायचं नाही. पावलं वाजवायची नाहीत. नुसता चेहरा दाखवायचा आणि हळूहळू बाजूला न्यायचा."

त्या उठल्या, आणि त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या. दोन्ही हातांत कोपराच्या दिशेनं निम्म्यापर्यंत हिरव्या बांगड्या. दोघी तिथेच थबकलो. त्या बांगड्या काढणार नाहीत, हे मला न विचारता ठाऊक होतं. त्यांनी मला दोन रुमाल मागितले. बांगड्या वर सारल्या, मी एकेका हातावर रुमाल घट्ट गुंडाळून गाठ मारली. त्यांनी हात झटकून पाहिला. आवाज नाही.

मग त्या छोटीवर वाकल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तोंड घट्ट मिटलेलं. छोटी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, छताकडे पाहत होती. विहीणबाई थांबल्या. पंख्याची घरघर, बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. छोटीचे डोळे इकडे गेले, तिकडे गेले, कुठेच टेकले नाहीत. माझ्या मनात आलं, आता ह्यांना थांबवावं, पुन्हा कधीतरी पाहू म्हणावं.

तेवढ्यात ते डोळे कुंकवावर आले आणि थांबले. विहीणबाई तिळाएवढ्या उजवीकडे सरकल्या. डोळे थोडा वेळ तिथेच राहिले, आणि मग झटक्यानं मागोमाग आले. त्या अजून सरकल्या. डोळे आले. पलंगाच्या त्या टोकापर्यंत आले, मग या टोकापर्यंत, वाटेत एकदा हरवले आणि आपले आपण शोधत पुन्हा त्या कुंकवाशी येऊन लागले.

विहीणबाई सरळ उभ्या राहिल्या. तोंडातून शब्द काढायचा नाही असं मी सांगितलं होतं, आणि त्या ते अजून पाळत होत्या. त्यांनी रुमाल बांधलेले दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले आणि मला घट्ट धरलं. एकही बांगडी वाजली नाही. आणि पलंगावरून छोटी, मान न वळवता, नुसत्या डोळ्यांनी आमच्याकडे पाहत राहिली.